मानाचा लोटा

१

भुवनला कुणी पाडेल असं म्हैसुरात कुणाला वाटत नव्हतं. दसऱ्याच्या कुस्त्यांत त्याची जोडी दावणगेरेच्या एका पैलवानाशी ठरली होती, आणि त्या पैलवानाच्या आईनं म्हणे आतापासूनच उपास धरले होते. अशा भुवनला कुस्तीच्या नऊ दिवस आधी न्हाणीघराच्या उंबऱ्यानं चितपट केलं. उंबरा चार इंचांचा. भुवन त्याला अडखळून पडला आणि उठेना.

घरात दोघंच. भुवनचे आईवडील नोकरीसाठी मस्कतला, इथे तो आणि त्याचे आजोबा येसाजीराव. येसाजीरावांनी पस्तीस वर्षं एच. डी. कोटेच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडरकी केली होती. ज्या धंद्यात पेशंट बोलत नाही आणि मालक खरं बोलत नाही, त्या धंद्यात माणसाची नजर तयार होते. त्यांनी नातवाची पापणी ओढली, ओठ वर करून हिरडी दाबली आणि मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी जागेवर जायला बराच वेळ लागला.

"तहान कधीपासून रे?"

"तुम्हाला कसं कळलं, ताता?" भुवन जमिनीवरूनच म्हणाला. "तीन आठवडे झाले. कितीही पाणी प्यायलो तरी घसा कोरडा. जेवण नको वाटतं. पायात दम नाही. आणि ते... पोटही साफ होत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पैलवानानं बद्धकोष्ठ झालंय म्हणून कुणाला सांगायचं? गरडीत हसतील ना."

गरडी म्हणजे तालीम. म्हैसुरात तालमीला गरडी म्हणतात आणि तिथल्या तांबड्या मातीला मट्टी. आपले पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते, हे येसाजीरावांच्या घरात दर दसऱ्याला सांगितलं जाई. घोडे गेले, दळ गेलं, मट्टी तेवढी राहिली.

दवाखान्यातली डॉक्टर वर्षिणी ही जुन्या मराठी रंगाऱ्यांच्या घरातली. मराठी तिला आजीशी भांडण्यापुरतं येत होतं. संध्याकाळी ती रिपोर्ट घेऊन बाहेर आली.

"अजोबा, कॅल्शियम चौदाच्या घरात आहे. दहाच्या वर गेलं तरी आम्ही घाबरतो. किडनीला मार बसलाय. आणि हे बघा, विटामिन डी. शंभराच्या वर नको, अल्वा, हो ना? ह्याचं मशीनला मोजताच आलं नाही."

"मरेल का?"

"नाही. सलाइन लावलंय, औषधं चालू आहेत. पण कुस्ती विसरा. ह्या वर्षीची तर विसराच."

"विटामिननं माणूस असा आडवा होतो?"

"जास्त झालं तर होतो. शरीरात साठत जातं ते. मोठ्या मात्रेत हेच उंदीर मारायच्या औषधात घालतात." ती चष्मा पुसत म्हणाली. "एवढं चुकून पोटात जात नाही, अजोबा. रोज कुणीतरी दिलंय."

येसाजीराव घरी आले. त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तळातून एक जुना लोखंडी चिमटा काढला. दोन फूट लांब, तोंडाशी रुंद. बैल खच्ची करायचा. त्यांनी त्याच्या बिजागरीला तेल घातलं, तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. त्या चिमट्यानं त्यांनी हजारो बैल शांत केले होते. आता एक माणूस बाकी होता.

२

पहिला संशय अर्थातच संकर्षणवर. हा नाशिकचा. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी म्हैसुरात आला, नोकरी सोडली आणि खेळाडूंना 'कामगिरी' शिकवू लागला. एक आरसा, दोन सायकली आणि भिंतीवर माणसाच्या स्नायूंचं लाल चित्र, एवढ्या भांडवलावर त्याचं केंद्र चालत होतं. गरडीतल्या दहा पैलवानांना विटामिन डीच्या पुड्या त्यानंच चालू करून दिल्या होत्या.

येसाजीरावांनी पिशवीतला चिमटा काढून त्याच्या टेबलावर ठेवला. कागद सोडला.

"हे काय आहे, काका?" संकर्षणनं विचारलं.

"बैलाचं आहे."

संकर्षणनं खुर्ची हातभर मागे घेतली. "काका, मी तुम्हाला सगळं सांगतो. तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. त्या गरडीला एक दार आणि एक झरोका. दारातून वाकून जावं लागतं. पोरं पहाटे अंधारात आत शिरतात, उजाडल्यावर बाहेर पडतात ती थेट नोकरीवर. जो थोडाफार उजेड मिळतो तोही अंगावरच्या तांबड्या मातीवर पडतो. मी सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. दहाच्या दहा जणांचं डी खाली गेलेलं. एवढ्या उन्हाच्या गावात!"

"त्यानं काय होतं?"

"पाय जड होतात. जोर मारताना लवकर थकवा येतो, लागलं तर भरून यायला वेळ लागतो. कमी असेल ते भरून काढलं की फरक पडतो, मी आकडे दाखवतो तुम्हाला. पण आधीच भरलंय त्यात आणखी ओतून कुणी हत्ती होत नाही. माझ्या पुड्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या. आठवड्याला एक. रविवारी, सगळ्यांसमोर, दुधातून. आठ आठवड्यांच्या आठ."

"आणि भुवननं आठवड्याच्या पुड्या रोज घेतल्या असतील तर?"

"त्याला डबा दिलाच नव्हता मी. डबा उस्तादांच्या कपाटात. मी काल मोजला, काका. एकही पुडी जास्तीची गेलेली नाही." संकर्षणनं एकदा चिमट्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आणि एक सांगू? दहाही जणांच्या सगळ्या पुड्या त्यानं एकट्यानं खाल्ल्या असत्या ना, तरी तीन आठवड्यांत मशीन हात टेकेल असं झालं नसतं. हे पुडीचं कामच नाही. ह्याच्यापेक्षा कितीतरी तेज असं काहीतरी त्याच्या पोटात जात होतं."

येसाजीरावांनी चिमटा परत गुंडाळला. हा माणूस खरं बोलत होता. खोटं बोलणाऱ्याला एवढे आकडे पाठ नसतात.

घरात नातू जे खाई तेच आजोबा खात. आजोबा ठणठणीत होते. पुडी नाही, घर नाही. राहिली गरडी.

३

गरडीत शिरायला येसाजीरावांना आता पूर्वीपेक्षा जास्त वाकावं लागलं. पायरीवर उस्तादांचा मुलगा धनुष बसला होता. डाव्या हातानं लाकडी मुदगलाला तेल चोळत होता. उजवा हात मांडीवर, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. तो हात मे महिन्यापासून खांद्याच्या वर जात नव्हता.

"भुवन बरा आहे ना, ताता?" त्यानं विचारलं. खरंच विचारलं.

"बरा होईल."

"कुस्ती?"

"नाही."

धनुषनं मान खाली घातली आणि पुन्हा तेल चोळू लागला.

आत अंबाजीराव उस्ताद मट्टी खणत होते. वय पासष्ट. आवाज असा की रागावले तरी समोरच्याला आपण होऊन नमस्कार करावासा वाटे. मे महिन्यात सराव करताना भुवनच्या हातून धनुषचा खांदा निखळला, आतले स्नायू तुटले, आणि घरची कुस्ती संपली. त्या दिवशी अख्ख्या गल्लीला वाटलं, आता उस्ताद भुवनला हाकलतात. उस्तादांनी फक्त म्हटलं, "मट्टीत झालं ते मट्टीत." तेव्हापासून लोक त्यांना थोडे संत समजू लागले होते.

येसाजीरावांनी चिमटा मट्टीच्या कडेला ठेवला. उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं आणि खणायचं थांबले नाहीत.

"बैलांवरून माणसांवर आलात, येसाजीराव?"

"अजून नाही. उस्ताद, दूध कोण देतं?"

"घरचंच की. बन्नूरहून आमचा भाऊ पहिल्या बसला ठेवतो. श्रावणात तुम्ही म्हशीचं पोट चाचपून गेलात ना, तीच."

"व्याली का?"

"तुम्ही सांगितलेल्या तारखेच्या दहा दिवस आधीच! रेडी झाली. ती सुखरूप, हीही सुखरूप." उस्ताद हसले. "दूध एकाच कॅनमधलं. बदाम वाटून मी स्वतः उकळतो, मी स्वतः वाढतो. दुधात काही असतं तर दहाही आडवे झाले असते, अल्वा?"

येसाजीराव फळीकडे वळले.

मारुतीच्या कोनाड्याखाली लाकडी फळी, फळीवर पितळी लोटे. प्रत्येक पैलवानाचा आपला. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. लावला तर फक्त उस्तादांनी, वाढण्यापुरता. जगात सगळीकडे भांडी घासून पालथी घालतात. गरडीत नाही. इथे पालथा लोटा म्हणजे पैलवानानं मट्टी सोडली, नाहीतर जग. म्हणून सगळे लोटे रात्रभर तोंड वर करून उभे. एकच पालथा होता. धनुषचा.

आणि सगळ्यांत पुढे, अरुंद तोंडाचा, पोटाशी फुगीर, तो मानाचा लोटा. ज्याची जोडी दसऱ्याला सगळ्यांत मोठी, त्याचा लोटा त्या वर्षी मानाचा. ह्या वर्षी भुवनचा. तो लोटा मुळात येसाजीरावांच्या आजोबांचा. आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून येसाजीरावांकडे, आणि त्यांचे गुडघे गेल्यावर भुवनकडे. हातातून हातात गेला. चार पिढ्यांत एकदाही पालथा पडला नव्हता. येसाजीरावांना दुसऱ्या कशाचा अभिमान बाळगायची सोय नव्हती, त्यामुळे तो सगळा ह्या लोट्यात साठला होता.

दूध सगळ्यांचं एक. पुडी सगळ्यांची एक. भुवनचा एकट्याचा फक्त लोटा. येसाजीरावांनी आत डोकावून पाहिलं. अरुंद तोंडातून तळ दिसत नव्हता. तळाशी कुणी आधीच काही घालून ठेवलं, वरून गरम दूध पडलं, की झालं.

"झरोक्याला गज आहेत," उस्ताद मागून म्हणाले, जणू मनातलं ऐकल्यासारखे, "पण हात आत येतो. गल्लीतून कुणीही हात घालावा. पलीकडच्या गरडीतले काय कमी जळतात आपल्यावर?"

"खरं आहे. आणि मारुतीचं दूध अजून जुन्या रीतीनंच?"

"म्हणजे काय! मानाच्या लोट्यात वाढलं की त्यातलं पहिलं पळीभर मारुतीला. मग पैलवानाला. देवाच्या रीतीत हात कोण घालणार?"

कोनाड्यातल्या वाटीशी हालचाल झाली. एक उंदीर आला, दोघांकडे पाहिलं, आणि निवांत दूध पिऊ लागला. शेपटाचं टोक तुटलेलं.

"हा अजून आहे?" येसाजीरावांनी विचारलं.

"वर्ष झालं. मारुतीचा म्हणून कुणी मारत नाही. वाटी रोज हाच चाटूनपुसून ठेवतो."

येसाजीरावांनी सवयीनं पाहून घेतलं. डोळे चमकदार, कातडी तुकतुकीत, मागच्या पायांत जोर. इतकी चांगली तब्येत त्यांनी सरकारी दवाखान्यात क्वचित पाहिली होती. त्यांना बरं वाटलं.

आणि घरी जाताना अर्ध्या रस्त्यात अचानक बरं वाटेनासं झालं. का, ते मात्र त्यांना सांगता येईना.

४

गरडीतल्याच शरतचा नंबर लागला दुपारी. भुवन गेला म्हणजे दसऱ्याची जोडी शरतची. मग सगळ्यांत जास्त फायदा कुणाचा? तो बन्नीमंटपाजवळच्या टायरच्या दुकानात काम करी. येसाजीरावांनी चिमटा टायरवर ठेवताच तो म्हणाला,

"अय्यो ताता! आई शप्पथ, मी नाही!"

"काय नाही?"

"जे काय विचाराल ते."

"बॅग दाखव."

बॅगेत टॉवेल, लंगोट, अर्धी खाल्लेली चिक्की. आणि चिक्कीच्या खाली सात पुड्या. विटामिन डीच्या. सगळ्या बंद.

शरतचा चेहरा टायरच्या रंगाचा झाला. "सुम्ने, उगाच ठेवल्यात, ताता. मला भीती वाटते औषधाची. लहानपणी एका इंजेक्शननं मी बेशुद्ध पडलो होतो. उस्तादांसमोर लोट्यात ओतल्यासारखं करतो आणि मुठीत लपवतो. पहिली तेवढी घेतली. आता भुवनचं बघून वाटतं, बरं झालं ना, घेतल्या नाहीत ते?"

"गाढवा, तुझं कमी आहे. तुला घ्यायलाच हव्यात."

"चिमटा पण गाढवाचा आहे का, ताता?"

येसाजीरावांनी सातही पुड्यांच्या कडा तपासल्या. एकही फोडून परत चिकटवलेली नव्हती. जो माणूस स्वतःच्या पुड्या फोडायला घाबरतो तो दुसऱ्याला चोरून औषध पाजणार नाही. त्यांनी चिमटा उचलला.

"भुवनचं वाईट कुणी चिंतत होतं का रे? खरं सांग."

शरतनं मागे पाहिलं. मालक जेवायला गेला होता.

"वाईट चिंतायला... ताता, रागावणार नाही ना? त्या दिवशी मेमध्ये, झरोक्यातनं नीट उजेडपण आला नव्हता. दिसत काही नव्हतं. पण मी कपडे बदलत होतो, मला ऐकू आलं. धनुष 'साकु' म्हणाला होता."

साकु म्हणजे पुरे. मट्टीत हा शब्द एकदा उच्चारला की दोन्ही हात सोडायचे. त्याला कुठल्याही गरडीत दुसरा अर्थ नाही.

"आणि मग?"

"मग हाड मोडल्यासारखा आवाज आला."

"मग म्हणजे लगेच?"

"मला नाही माहीत, ताता. उस्तादांना विचारा. ते मारुतीला दिवा लावत होते, त्याच अंधारात."

५

येसाजीराव घरी येऊन खुर्चीत बसले.

भुवननं त्यांना सांगितलं होतं, "पाय घसरला, ताता." त्यांनी विश्वास ठेवला होता. आता ते मनातल्या मनात शरतला खोटं पाडू पाहत होते, पण ते काही जमेना. मेमधली दसऱ्यासाठीची पसंती धनुषची होती. धनुष गेला म्हणून भुवनची जोडी ठरली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. कुणी तिच्याकडे पाहिलं नव्हतं, एवढंच.

सुडासाठी निघालेल्या माणसाला वाटेत दुसऱ्याचा सूड भेटला की तो गोंधळतो. येसाजीराव गोंधळले, मग आणखी चिडले. धनुषचं काही असो. भुवनच्या किडनीचं काय?

त्यांनी विचार पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. पुडीपेक्षा कितीतरी तेज. दुधात विरघळेल असं. विटामिन डी पाण्यात नाही, स्निग्धात विरघळतं. तेलातलं विटामिन डी कुठे मिळतं?

उत्तर त्यांना इतकं जवळ सापडलं की ते उठून उभे राहिले. भिंतीवरच्या कपाटात त्यांची वही होती. निवृत्त झाल्यावरही ते ओळखीच्यांच्या गुरांना औषध देत आणि सवयीनं लिहून ठेवत. श्रावणाचं पान. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं:

'अंबाजीराव उस्ताद, बन्नूर. म्हैस गाभण, मागच्या वेळी व्याल्यावर कॅल्शियम उतरून खाली बसली होती. डी-तीनची कुपी एक. एक कोटी युनिट. विण्याच्या आठवडाभर आधी टोचणे. जास्त झाल्यास धोका समजावून सांगितला.'

म्हैस तारखेच्या दहा दिवस आधी व्याली होती. मग ती कुपी टोचायची वेळच आली नव्हती.

म्हणजे कुपी शिल्लक. कुठे?

तरी मनाचा एक कोपरा म्हणत होता: कुपी चोरीला जाऊ शकते. झरोक्यातून कुणाचाही हात येऊ शकतो. उस्ताद संत माणूस. आणि तेव्हा त्यांना सकाळी रस्त्यात बरं का वाटेनासं झालं ते कळलं.

उंदीर.

मानाच्या लोट्यातलं पहिलं पळीभर दूध मारुतीला. मारुतीचं दूध उंदराला. भुवनसारखा ऐंशी किलोचा गडी ज्या दुधानं तीन आठवड्यांत लोळला, त्यातलं पळीभर रोज पिऊन वीतभर उंदीर तुकतुकीत? ज्या औषधानं उंदीर मारतात, त्यानंच? बाहेरच्या कुणी लोट्यात काही घातलं असतं, तर उस्तादांनी नकळत तेच मारुतीला दाखवलं असतं आणि उंदीर पहिल्याच आठवड्यात मेला असता. उंदीर जिवंत होता. म्हणजे मारुतीचं दूध मानाच्या लोट्यातलं नव्हतं. रीत बदलली होती, आणि बदलणारा एकच माणूस बदलली नाही म्हणून सांगत होता.

पैलवानाला विष पाजायला त्याचा हात धजला. मारुतीला पाजायला धजला नाही.

येसाजीरावांच्या आयुष्यातला हा पहिला साक्षीदार, जो बोलला नाही आणि खोटंही बोलला नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गरडीत गेले तेव्हा उस्ताद दूध वाढायच्या तयारीत होते. नऊ पैलवान ओळीनं उभे.

"उस्ताद, भुवनच्या नावानं आज मारुतीला दूध दाखवा," येसाजीराव म्हणाले. "पोर बरं होऊ दे म्हणून. मानाच्या लोट्यातनं."

"लोट्याचा धनी हजर नाही," उस्ताद म्हणाले.

"चाळीस वर्षं धनी मीच होतो की." येसाजीरावांनी फळीवरून लोटा उतरवला आणि त्यांच्यासमोर धरला. उस्तादांनी दूध ओतलं. लोटा भरला. वाफ वर आली.

"आता पळी."

उस्तादांनी पळी लोट्यात घातली. बाहेर काढली. कोनाडा हातभर अंतरावर होता. मारुती शेंदराच्या आडून पाहत होता. उस्तादांचा हात पुढे गेला, थांबला, मागे आला.

"काय झालं, उस्ताद?"

"आज नको."

"का?"

"सांगतो ना, नको."

"देवाच्या रीतीत हात कोण घालणार, असं कालच म्हणालात."

उस्तादांनी पळीतलं दूध परत लोट्यात सोडलं. मग पैलवानांकडे न पाहता म्हणाले, "बाहेर जा सगळे."

नऊ पैलवान एकेक करून वाकून बाहेर गेले. येसाजीरावांनी लोटा तोंडाला लावला आणि घटाघटा अर्धा रिकामा केला.

"येसाजीराव!" उस्ताद ओरडले.

"काल तुम्ही आरतीला गेलात तेव्हा चिंच लावून तीनदा घासलाय. आत काही नाही. आत अजून विष असेल, ही भीती फक्त तुम्हालाच. तेवढंच बघायचं होतं."

उस्ताद मट्टीच्या कडेवर बसले. येसाजीरावांनी दोघांच्या मध्ये चिमटा ठेवला. ह्या वेळी कागदाशिवाय.

"तुम्हीच सगळं समजावून सांगितलं होतंत," उस्ताद शांतपणे म्हणाले. "जास्त झालं की म्हैस पाणी पाणी करते, चारा सोडते, मागचे पाय लुळे पडतात. शेतकरी नीट ऐकत नाहीत अशी तुमची नेहमी तक्रार. मी नीट ऐकलं. संकर्षणच्या पुड्या सुरू झाल्या, तेव्हा वाटलं, आळ घ्यायला माणूसही आयता आलाय. रोज अर्धी पिचकारी. लोट्याच्या तळाशी."

"पोर मेलं असतं!"

"मारायचं नव्हतं. दसऱ्याच्या मैदानात, दहा हजार माणसांसमोर त्याचे पाय लटपटायला हवे होते. त्याला ताकद हवी होती ना? मी ताकदीचंच औषध दिलं. जरा जास्त दिलं."

"मट्टीत झालं ते मट्टीत, असं म्हणाला होतात तुम्ही."

"मग? मी मट्टीच्या बाहेर गेलो का?" उस्तादांचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "माझा पोरगा साकु म्हणाला. तीनदा. पहिल्यांदा ऐकू येत नाही, घाईत असतो माणूस. दुसऱ्यांदाही सोडून देऊ. तिसऱ्यांदा तो मला हाक मारून म्हणाला, येसाजीराव. मी दिवा टाकून धावलो. पोचेपर्यंत आवाज झाला होता." त्यांनी चिमटा उचलून येसाजीरावांच्या हातात दिला. "घ्या. कशासाठी आणलाय ते करा. पण आधी तुमच्या नातवाला विचारून या. तो काय सांगतो ते ऐका, आणि मग या."

येसाजीरावांनी चिमटा घेतला. "इथनं हलू नका."

"कुठे जाऊ? मट्टी अर्धी खणायची राहिलीय."

७

भुवन उशीला टेकून बसला होता. चेहऱ्यावर रंग परतत होता. सलाइनची बाटली थेंबथेंब रिकामी होत होती.

"कळलं का कोण ते, ताता?"

"कळलं."

"कोण? नाव सांगा. ह्यातनं उठलो ना, त्याचे दोन्ही हात..." तो थांबला, कारण आजोबा त्याच्याकडे फार निरखून पाहत होते. पापणी ओढायच्या आधी जनावराकडे पाहत तसे.

"धनुष साकु म्हणाला, तेव्हा तुला ऐकू आलं नव्हतं का रे? गरडीत अंधार असतो. आवाज असतो. तिसऱ्यांदा ऐकू आलं असेल."

ते विचारत नव्हते. ते नातवाला एक पळवाट हातात देत होते, आणि त्यानं ती घ्यावी असं त्यांना वाटत होतं.

भुवननं पाण्याचा पेला उचलला, सगळा प्यायला, खाली ठेवला. तहान अजून पुरती गेली नव्हती.

"पहिल्यांदाच ऐकलं होतं, ताता," तो म्हणाला.

येसाजीरावांनी त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि ते उठले.

गरडीत उस्ताद खरोखरच मट्टी खणत होते. पायरीवर धनुष होता. त्याला सगळं कळलं होतं, हे त्याच्या बसण्यावरून दिसत होतं. तो उठून आत आला.

येसाजीराव फळीपाशी गेले. मानाचा लोटा उचलला. त्यातलं उरलेलं दूध मट्टीत ओतलं. चार पिढ्यांचा लोटा होता, आणि वजनाला भलताच जड लागत होता. त्यांनी तो पालथा केला आणि धनुषच्या लोट्याशेजारी ठेवला. पितळ लाकडावर वाजलं, फार मोठ्यानं नाही.

"हा तुमच्या पोराबद्दल," ते उस्तादांना म्हणाले. "आता माझ्या पोराबद्दल तुमचा द्या."

उस्तादांना कळलं. त्यांनी कुदळ ठेवली, हात धुतले, कोनाड्याच्या उजव्या बाजूचा आपला लोटा काढला. चाळीस वर्षांत तो फक्त घासण्यासाठी हलला होता. दोन्ही हातांनी त्यांनी तो मानाच्या लोट्याशेजारी पालथा घातला. मग मारुतीला नमस्कार केला आणि सदरा चढवला.

"ठाणं चालत जाण्यासारखं आहे," येसाजीराव म्हणाले. "वही मी आणलीय. कुपी मीच दिली, हे पण त्यांना सांगायला हवं."

"चला."

दोघं म्हातारे वाकून बाहेर पडले. आधी कुणी जायचं ह्यावरून दारात थोडं थांबणं झालं, जुनी सवय. चिमटा मट्टीच्या कडेला तसाच राहिला. पुढे धनुष त्या चिमट्यानं मुदगलाचे खिळे उपटू लागला. डाव्या हातानंही चांगला चालतो, असं तो सांगतो.

दसऱ्याला शरत उतरला. दावणगेरेच्या पैलवानानं त्याला चार मिनिटांत पाडलं आणि आईचे उपास सोडवले. त्या रविवारी शरतनं डोळे मिटून दुसरी पुडी फोडली. एकच. वर्षिणीनं फोनवर दोनदा बजावलं होतं. संकर्षणनं गरडीच्या छपरातली सहा कौलं काढून टाकली. पाऊस आला तर मट्टी भिजेल म्हणून सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या, आणि मग तिथेच उघड्या अंगानं उभे राहू लागले.

सकाळी आठच्या सुमाराला ऊन त्या भोकातून सरळ फळीवर येतं. तीन पालथे लोटे लखलखतात. मारुतीचा उंदीर वाटी चाटून झाली की मधल्यावर चढतो आणि ऊन खात बसतो. त्याची तब्येत उत्तम आहे.